कर नाही त्याला डर कशाला? – चोरीचा आळ आणि त्याला दिलेली उत्तरं



गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्राकडे बघू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. बघितलं तर काय होतं? चोरीचा आळ येतो. साप चावतो किंवा घर जळतं असं कुणी सांगितलं नाही. चोरीचा आळच का सांगितला असेल? कारण साध्या माणसाला त्याचीच सर्वांत जास्त धास्ती असते. आपल्यासारख्या बायांवर खुनाचा, दरोड्याचा आळ सहसा येत नाही. येतो तो असा : ज्या घरी धुणीभांडी करतो तिथली अंगठी सापडत नाही. ज्या शेतात खुरपायला गेलो तिथून दोन पेंढ्या कमी भरतात. बाजारात एखाद्या बाईची पर्स जाते आणि शेजारी आपण उभ्या असतो. गटाच्या हिशेबात पाचशे रुपये कमी येतात आणि पेटीची चावी आपल्याकडे असते. रक्कम लहान, गुन्हाही लहान. पण आळ लहान नसतो. तो घरात येतो, मुलांच्या शाळेत जातो, सोयरिकीत आडवा येतो.

त्या चंद्राच्या गोष्टीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, स्यमंतक मण्याची. सत्राजिताकडे हा मणी होता. त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला, तो परत आलाच नाही. सत्राजित म्हणाला, कृष्णानेच भावाला मारून मणी घेतला. द्वारकेत कुजबुज सुरू झाली. आता पुराणातल्या कृष्णाने काय केलं ते बघा. तो रागावून सत्राजिताच्या दारात गेला नाही, आणि मी देव आहे, मला काय त्याचं, असं म्हणून घरीही बसला नाही. त्याने गावातले चार लोक बरोबर घेतले आणि प्रसेनाचा माग काढला. आधी प्रसेन मेलेला सापडला, मग सिंहाच्या खुणा दिसल्या, मग सिंहही मेलेला सापडला, आणि शेवटी जांबवंताची गुहा. मणी परत मिळाल्यावर तो गुपचूप नेऊन दिला नाही. भर सभेत, राजासमोर, सत्राजिताला बोलावून त्याच्या हातात दिला आणि घडलं ते सगळं सांगितलं. आळ चारचौघांत आला होता, म्हणून तो चारचौघांतच उतरवला.

ही गोष्ट आपण ऐकतो, पण रोजच्या व्यवहारात आपल्याला दुसरीच म्हण आठवते. कर नाही त्याला डर कशाला! ज्याने काही केलंच नाही त्याने भ्यायचं कारण नाही. ऐकायला ही म्हण फार बरी वाटते. आज आपण इतिहासात थोडं मागे जाऊन ही म्हण तपासून बघू या. निरपराध माणसाला आजवर कशाने वाचवलं आणि कशाने वाचवलं नाही, ते पाहू.

जुन्या काळात खरंखोटं ठरवायला साक्षीपुरावा नसला तर 'दिव्य' करायला लावत. आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत दिव्याचे बरेच प्रकार सांगितले आहेत. त्यातलं एक खास चोरीच्या आरोपासाठी होतं, तंडुल दिव्य. तंडुल म्हणजे तांदूळ. संशयिताला तांदूळ चावायला द्यायचे आणि मग थुंकायला सांगायचं. थुंकीत रक्त दिसलं, टाळू सुकलेला दिसला की तो चोर. यामागचा विचार असा की, चोराला भीती वाटते, भीतीने तोंडाला कोरड पडते, कोरड्या तोंडाने तांदूळ चावले की हिरड्या खरचटतात. म्हणजे 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हणच जणू तिथे न्याय करायला बसवली होती. पण मैत्रिणींनो, चार माणसांच्या मधे उभं करून 'तू चोर आहेस का' असं विचारलं तर कुणाच्या तोंडाला कोरड पडत नाही? खरा सराईत चोर एकवेळ शांत राहील. ज्या बाईने आयुष्यात कधी कुणाच्या झाडाची कैरी तोडली नाही, तिचाच घसा आधी सुकेल.

मराठेशाहीतल्या जुन्या कागदांत रवादिव्याची वर्णनं आहेत. बहुतेक वेळा ते वतनाच्या भांडणात होत असे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने बाहेर काढायचा. मग हाताला पिशवी बांधून त्यावर मोहोर करायची. ठरलेल्या दिवशी पिशवी सोडून हात बघायचा. भाजल्याची खूण दिसली की माणूस खोटा. आजही एखाद्या जातपंचायतीने बाईला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावल्याची बातमी अधूनमधून येते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दिव्यात आरोप करणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. सगळा भार ज्याच्यावर आळ आला त्याच्याच हातावर पडतो.

मग इंग्रज आले. कोर्ट आलं, कागद आले, वकील आले. आता तरी निरपराधाला उत्तर द्यायला जागा मिळाली का? काहींना मिळाली. काहींची असलेली जागाही कायद्यानेच काढून घेतली.

१८७१ साली सरकारने एक कायदा केला. त्याला आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा म्हणतात. या कायद्याने एखाद्या माणसावर नाही, तर अख्ख्या जमातीवर आळ घेतला. सरकारने एखाद्या जमातीचं नाव जाहीर केलं की त्या जमातीतला माणूस संशयित. त्याने काय केलं हा प्रश्नच उरला नाही, कुणाच्या पोटी जन्मला एवढंच बघायचं. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू होता. पुढे १९११ साली नवा कायदा झाला आणि तो मुंबई इलाख्यातही आला. आपल्याकडच्या पारधी, उचले, कैकाडी, मांग-गारुडी, भामटा अशा कितीतरी लोकांच्या कपाळी हा शिक्का बसला.

नाव नोंदलेल्या माणसाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. बोटांचे ठसे घेतले जात. गावाबाहेर जायचं तर पास लागे. पाहुण्याकडे लग्नाला, आजारी आईला बघायला, कुठेही जाताना पास हवाच. सोलापूर, विजापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या, त्यांना सेटलमेंट म्हणत. मुलांना आईबापापासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचा अधिकारही पुढच्या कायद्यात सरकारने घेतला. कल्पना करा, लेकराने अजून कशाला हातसुद्धा लावलेला नाही, आणि त्याला चोर समजून आईपासून तोडायचं.

या कायद्यातली मला सर्वांत भयंकर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. १८७१ च्या त्या कायद्यात लिहिलं होतं की, जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या सरकारी जाहिरनाम्याच्या खरेखोटेपणावर कोणत्याही कोर्टाला प्रश्न करता येणार नाही. म्हणजे आळ आला, पण 'हा खोटा आहे' हे सांगायला जगात जागाच ठेवली नाही. पुराणातल्या कृष्णाला निदान सभा तरी होती.

गंमत बघा, याच सरकारने पुढच्याच वर्षी, १८७२ साली, पुराव्याचा कायदा केला. त्यात एक शहाणपणाचं कलम होतं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरायचा नाही. का? कारण पोलीस ठाण्यात मारून, धमकावून 'हो, मीच केलं' असं वदवून घेता येतं, हे त्या सरकारलाही चांगलं ठाऊक होतं. कर नसलेला माणूसही डरतो, आणि डरून कबूल करतो, हे इंग्रजांच्या कायद्याने लेखी मान्य केलं. ते कलम आजच्या नव्या पुरावा कायद्यातही आहे. आपल्या म्हणीला तिथेच उत्तर मिळालं होतं.

गुन्हेगार जमाती कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतात. शिक्का कागदावरून पुसला गेला, पण लोकांच्या डोळ्यांतून गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन अनेकींना ठाऊक असेल. १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उचल्या या जमातीच्या नावातच चोरीचा आळ आहे. तेच नाव त्यांनी पुस्तकाला दिलं आणि आतून ते जगणं कसं असतं ते गावाला वाचायला लावलं. तेही आळाला दिलेलं उत्तरच होतं.

आता बंगालमध्ये जाऊ. तिथेही एक जमात आहे, खेडिया शबर. इंग्रजांच्या काळात त्यांच्यावरही तोच शिक्का होता. १९९८ च्या फेब्रुवारीत पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाचा तरुण बायकोला घेऊन सायकलवरून नातेवाइकांकडे चालला होता. वाटेत पान घ्यायला थांबला. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं. आळ चोरीचा. आठवडाभरात तो कोठडीत मेला. सांगितलं असं की, त्याने गळफास घेतला.

त्या वस्तीतली माणसं गरीब, फारशी शिकलेली नाहीत. पण त्यांनी जे केलं ते मोठ्या वकिलालाही सुचलं नसतं. त्यांनी बुधनचं प्रेत जाळलं नाही. ते गुपचूप पुरून ठेवलं आणि त्याच्या जागी पुतळा करून जाळला. त्यांना कळलं होतं की प्रेत जळालं की पुरावा जळेल. त्यांच्या समितीबरोबर लेखिका महाश्वेतादेवी उभ्या राहिल्या. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. तिथे पुन्हा शवविच्छेदन झालं आणि मारहाण उघडी पडली. जुलै १९९८ मध्ये न्यायमूर्ती रुमा पाल यांनी निकाल दिला. बुधनच्या विधवेला भरपाई द्यायला आणि पुढचा तपास सीबीआयकडे द्यायला सांगितलं. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी एक गट उभा केला. अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुणांनी बुधनवर नाटक बसवलं. ही मुलंही तशाच शिक्का बसलेल्या समाजातली.

बुधन परत आला नाही. तरी चोर म्हणून मेलेला माणूस, असं त्याचं नाव राहिलं नाही. वस्तीने पुरावा जपला म्हणून हे झालं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल की हे फार मोठं प्रकरण झालं. आमच्यावर आळ आला तर आम्हाला कोण मारतंय? मारणार नाहीत कदाचित. पण ठाण्यात बोलावतील, बसवून ठेवतील. त्या ठाण्याच्या पायरीवर बाईला आज जे थोडंफार संरक्षण आहे, ते कुणी आयतं दिलेलं नाही. त्यातलं बरंचसं काम बायांनीच केलं आहे. त्यांची नावं आपल्याला माहीत असायला हवीत.

पहिलं नाव नंदिनी सत्पथी. त्या ओडिशाच्या मुख्यमंत्री होत्या. सत्ता गेल्यावर, १९७७ साली, त्यांना भ्रष्टाचाराच्या एका चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावलं आणि लेखी प्रश्नांची लांबलचक यादी पुढे ठेवली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला. मग उत्तर देत नाही म्हणूनच त्यांच्यावर खटला घातला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्या उत्तराने आपण स्वतःच अडकू शकतो ते उत्तर न देण्याचा हक्क माणसाला आहे, आणि हा हक्क कोर्टात उभं राहिल्यावरच नाही तर पोलिसांच्या चौकशीतही आहे. चौकशीच्या वेळी वकील जवळ असू द्यावा असंही म्हटलं. आणि बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणं कायद्याला धरून नाही, तिच्या राहत्या घरीच विचारपूस करायची, याची आठवण करून दिली. त्यांच्यावरचा मूळ आरोप खरा की खोटा हा भाग वेगळा. पण त्या गप्प राहिल्या म्हणून आज घाबरलेल्या बाईला गप्प राहायचा हक्क पक्का झाला. आपल्याकडे गप्प बसली म्हणजे चोर असणार, असं म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही.

दुसरं नाव कपिला हिंगोरानी. १९७९ च्या जानेवारीत बिहारमधल्या तुरुंगांची हकिगत वर्तमानपत्रात आली. तिथे अनेक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चाललाच नाही असे लोक, वर्षानुवर्षं पडून होते. काहींवरचे आरोप इतके किरकोळ होते की, गुन्हा सिद्ध झाला असता तरी त्यापेक्षा कमी शिक्षा झाली असती. जामीन मंजूर व्हायचा, पण जामिनासाठी पैसे कुणाकडे होते? काही बाया तर आरोपी नव्हत्याच. त्या साक्षीदार होत्या किंवा त्यांच्यावरच अन्याय झाला होता, आणि 'संरक्षण' म्हणून त्यांना कोंडलं होतं. कपिलाताई वकील होत्या. त्यांनी या लोकांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या खटल्याला हुसैनआरा खातून या कैदी बाईचं नाव आहे. खटला लवकर चालणं हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. गरिबाला स्वतःच्या हमीवर सोडायला सांगितलं. कितीतरी लोक बाहेर आले.

तिसरं नाव आपल्या मुंबईचं, शीला बर्से. त्या पत्रकार होत्या. मुंबईच्या तुरुंगात जाऊन त्यांनी १५ बायांशी बोलणं केलं. त्यातल्या ५ जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतलं. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन अहवाल द्यायला सांगितलं. १५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल लागला. बायांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तिथे महिला पोलीस असावेत. बाईची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच व्हावी. का पकडलं ते लगेच सांगावं. जामीन मिळू शकतो हे सांगावं. तिच्या माणसाला आणि कायदा मदत समितीला कळवावं. न्यायाधीशासमोर उभं केल्यावर, तुला मारलं का, असं त्यांनी विचारावं. हे सगळं एका पत्रातून आलं.

पुढे १८ डिसेंबर १९९६ ला डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. तेही पत्रावरूनच सुरू झालेलं प्रकरण. अटक करताना तिथल्या तिथे कागद करायचा, त्यावर तारीख आणि वेळ घालायची, घरच्या किंवा गावातल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करायची नाही, ही तरतूदही नंतर कायद्यात आली. फारच अपवादाचं कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, पण हे हक्क कायम आहेत.

आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला आणखी एका मुंबईच्या पत्रकार बाईच्या अर्जावर निकाल लागला. सुकन्या शांता यांनी तुरुंगांत जात बघून कामं वाटतात हे शोधून लिहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि पोलिसांना बजावलं की, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक करायची नाही. १८७१ च्या कायद्याला दीडशे वर्षं होऊन गेल्यावरही हे सांगावं लागलं, यावरून आळ किती चिवट असतो ते कळतं.

आता या सगळ्या इतिहासातून आपल्या हाताला काय लागतं ते बघू.

निरपराध माणूस घाबरतो. घाबरणं ही चोरीची खूण नाही. म्हणून आपल्यावर आळ आला की, मी का घाबरू, असं स्वतःला बजावत एकटीने ठाण्यात किंवा मालकाच्या दारात जाऊ नका. कृष्णानेही चार लोक बरोबर नेले होते. गटातली एक, घरातलं एक, शक्य झालं तर वकील, असं कुणीतरी बरोबर हवं. कोण काय बोललं, किती वाजता बोललं, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहवून घ्या. बुधनच्या वस्तीने प्रेत जपलं, आपल्याला निदान पावती, हजेरीचा कागद, हिशेबाची वही जपता येईल.

दुसरी गोष्ट, 'मिटवून टाक' या सल्ल्याची. आळ लहान असला की सगळे हाच सल्ला देतात. पाचशे रुपयेच ना, भरून टाक, कशाला ठाण्याची पायरी चढतेस? दमलेल्या बाईला ते पटतं. पण केलं नसताना भरलेले पैसे गावात कबुली म्हणूनच मोजले जातात. पुढच्या वेळी काही हरवलं की आधी तिच्याच दारात येतात. तसंच कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. लिहिलेला कागदही वाचून घेतल्याशिवाय, वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. जे माहीत आहे तेवढंच सांगायचं. अंदाजाने दुसरीचं नाव घ्यायचं नाही, नाहीतर आळ आपल्या डोक्यावरून काढून शेजारणीच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल.

तिसरी गोष्ट वकिलाची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची कमाई किती, हे त्यासाठी विचारलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. हा आकडा गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अटक झालीच तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. तिथे बोलायची संधी असते. मारलं असेल तर तिथेच सांगायचं आणि डॉक्टरी तपासणी मागायची.

शेवटी एक अवघड गोष्ट. आतापर्यंत आपण आळ आपल्यावर येतो असं धरून बोललो. पण आळ घेणाऱ्याही आपणच असतो. बाजारात पारधी समाजाची बाई मुलाला कडेवर घेऊन शेजारी उभी राहिली की आपला हात आधी आपल्या पर्सकडे जातो. गावाच्या कडेला पालं पडली आणि त्या आठवड्यात कुणाची कोंबडी गेली की पोलीस पाटलाला पालाकडे बोट दाखवणारे आपल्याच घरातले असतात. गटाच्या पेटीत पैसे कमी आले की नव्या सुनेकडे, एकट्या राहणाऱ्या बाईकडे, खालच्या आळीतल्या सभासदाकडे नजर आधी वळते. १८७१ चा कायदा रद्द होऊन किती वर्षं झाली, पण तो आपल्या नजरेतून रद्द करायचं काम कोर्ट करू शकत नाही.

म्हणून गटापुरता एक नियम करता येईल. पैशाचा फरक आला तर त्या बैठकीत कुणाचंही नाव घ्यायचं नाही. आधी वही, पावत्या आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून दोघी-तिघींनी पुन्हा हिशेब करायचा. पुष्कळदा चूक बेरजेत निघते. तरीही फरक राहिलाच तर संबंधित बाईला तिची बाजू सगळ्यांसमोर, शांतपणे, तिच्या बरोबरच्या माणसाच्या साक्षीने मांडू द्यायची आणि ते इतिवृत्तात लिहायचं. आणि आळ खोटा निघाला तर? तो जितक्या बायांसमोर घेतला होता, तितक्याच बायांसमोर मागे घ्यायचा आणि तेही इतिवृत्तात लिहायचं. सत्राजितालाही भर सभेत मान खाली घालावी लागली होती.

येत्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की दहा मिनिटं यावर बोला. तुमच्या गटात, गावात असा आळ कुणावर आला होता का, तेव्हा तिच्याबरोबर कोण गेलं होतं, हे एकमेकींना विचारा. तिच्याबरोबर कुणीच गेलं नव्हतं असं निघालं, तर पुढच्या वेळी कोण जाणार, त्या दोघींची नावं तेव्हाच ठरवून ठेवा.